तिथी पाहून मालवणला जावे

मालवणला जायचे ठरले की आधी राहण्याच्या जागेचे फोटो पाहिले जातात, मग गाडीचे आरक्षण, मग मासे कुठे चांगले मिळतात याची चौकशी. समुद्राच्या वेळेची चौकशी सहसा कुणी करत नाही. मग प्रवाळ पाहायला पाण्यात उतरावे तर पाणी गढूळ निघते. देवबागच्या संगमावरचा वाळूचा पट्टा पाहायला जावे तर तो बुडालेला असतो आणि कुणकेश्वरच्या कातळातली शिवलिंगे शोधायला जावे तर त्यांच्यावरून भरतीच्या लाटा जात असतात. लोक हिरमुसून परततात आणि ठिकाणालाच नावे ठेवतात. खरे तर सहा तास आधी किंवा चार दिवसांनी तेच ठिकाण पाहिले असते, तर मन भरून आले असते.

विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. १९९७ मध्ये हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. या किनाऱ्यावर काय पाहावे याच्या याद्या भरपूर मिळतात. कधी पाहावे हे मात्र क्वचितच सांगितले जाते, आणि कोकणात अर्धी गंमत त्या ‘कधी’मध्ये आहे.

भरती-ओहोटीचे गणित कठीण नाही. दिवसात दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते, आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही खूप दूर जाते, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेसेच चढते, थोडेसेच उतरते, तो भांग. मुंबईकडच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अरबी समुद्रात भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी येते. पाऊण ते एक तास वजा करावा आणि नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला विचारून घ्यावी.

त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान पुरते. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू करणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचेच, आणि गावात त्यांनी बांधलेले जय गणेश मंदिर आजही पाहुण्यांच्या वाटेवर असते. सहलीच्या तारखा ठरवताना त्या पानावरच्या लाल सुट्ट्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. शेजारी छापलेल्या तिथीकडेही पाहावे.

महिन्यांची गोष्ट याहून सोपी आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, पाण्याखालची सफर, खाडीतली नौकानयने बंद असतात. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिकी मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पावसाळ्यातला समुद्र किनाऱ्यावरून पाहण्याचा. त्यात पाय घालण्याचा विचारही करू नये. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की हळूहळू होड्या पाण्यात उतरतात. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो आणि नद्यांनी आणलेला गाळ अजून बसलेला नसतो. पाणी खरे निवळते ते नोव्हेंबर उलटल्यावर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत उत्तम काळ. नाताळचा आठवडा तेवढा टाळावा, कारण त्या गर्दीत ना किनारा दिसतो ना कुणाशी दोन शब्द बोलता येतात. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा चटका वाढतो, पण ओले काजू, फणस आणि पुढे हापूस मिळतो. खाण्यासाठी येणाऱ्याने हाच काळ निवडावा.

आता किल्ला. मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्गाला जायला फार वेळ लागत नाही, आणि तिथेच घोळ होतो. होडी साधारण तासाभराने परत नेते, म्हणून माणसे दरवाजात फोटो काढतात, मंदिरात डोकावतात आणि धावत परत येतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावरच्या या किल्ल्याच्या कामाला मुहूर्त केला आणि पुढच्या तीन वर्षांत तो उभा राहिला. सुमारे ४८ एकर क्षेत्र आणि जवळपास तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट एका तासात बघून होणार कसा? होडीत बसण्यापूर्वीच दुसऱ्या फेरीने परतण्याचे बोलून ठेवावे. बहुतेक होडीवाले ऐकतात.

किल्ल्याचा दरवाजा समोरून येणाऱ्याला दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत भिंतच भिंत वाटते. आत शिरल्यावर आधी तटावर चढावे. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतून बांधलेला हा तट साडेतीन शतके लाटा झेलतो आहे, आणि वरून चालताना पाण्याच्या पृष्ठभागाखाली पसरलेले खडक दिसतात. शत्रूचे जहाज जवळ का येऊ शकत नसे, हे त्या खडकांकडे पाहिल्यावर पुस्तक न उघडता कळते. नंतर राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असतानाही गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना परवानगी विचारावी आणि सरबत, शहाळे त्यांच्याकडूनच घ्यावे. दुपारी बारानंतर तटावर सावली शोधून सापडत नाही, म्हणून सकाळची पहिली होडी पकडणे शहाणपणाचे.

मुख्य भूमीवर परतल्यावर मोरयाच्या धोंड्याकडे जायला पुष्कळ लोक विसरतात. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे. किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा इथेच झाली, म्हणून किल्ल्याची गोष्ट खरे तर इथून सुरू व्हायला हवी. इथे ओहोटीलाच जावे. दांडीच्या किनाऱ्यासमोरचा पद्मगडही मोठ्या ओहोटीत चालत गाठता येतो. मात्र पाणी मागून केव्हा चढते ते नवख्याच्या लक्षात येत नाही, म्हणून स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नये. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग असे या जिल्ह्यातले दोन जलदुर्ग आहेत. गर्दी वाढणार हे उघड आहे, आणि तटावर नावे कोरणाऱ्यांना जागच्या जागी हटकण्याचे काम प्रत्येक पाहुण्याने आपले मानायला हवे.

किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात प्रवाळ आहेत. हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. आपल्या पोटावर पाय येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. त्यांची बाजू समजून घेतल्याशिवाय या पाण्याबद्दल बोलू नये. आज त्याच मच्छीमार गाबित समाजातली कितीतरी मुले पाहुण्यांना पाण्याखाली नेतात आणि तळातला कोणता खडक कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ असते.

स्नॉर्केलिंग आणि स्कूबा यांत फरक आहे. पहिल्यात माणूस पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेतो. दुसऱ्यात पाठीवर हवेची टाकी असते आणि प्रशिक्षक हात धरून खाली नेतो, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही जाता येते. दोन्हींसाठी भांगाचे दिवस निवडावेत. दशमी-एकादशीला सकाळी सात-साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते, प्रवाह मंद असतो, वारा उठलेला नसतो. त्यानंतरचे दोन तास पाणी सर्वांत स्वच्छ. उधाणाच्या दिवशी दुपारी उतरणाऱ्याला त्याच पैशात हिरवट धूसरपणा पाहायला मिळतो. सर्दी असेल तर उतरूच नये, कारण कानातला दाब सुटत नाही आणि दुखणे महागात पडते. दमा, हृदयविकार, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया लपवू नये. आदल्या रात्री मद्य घेऊ नये. परतीचे विमान असेल तर पाण्याखाली जाणे आणि उड्डाण यांत किमान अठरा तासांचे अंतर ठेवावे. तळाशी गेल्यावर खडकाला हात लावू नये, त्याच्यावर उभे तर अजिबात राहू नये. तो दिसतो दगडासारखा, पण प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे आणि त्याची वाढ वर्षाला मोजक्याच मिलिमीटर-सेंटिमीटरची असते. प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. एखाद्या फोटोपुरते न जाता नीट शिकायचे असेल, तर तिकडे जावे.

तारकर्लीपासून पुढे देवबागकडे जाताना जमीन अरुंद होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांची जेमतेम पट्टी, तीही समुद्र वर्षानुवर्षे खात आला आहे. शेवटी नदी समुद्राला मिळते. संगमाजवळ साचलेल्या वाळूच्या पट्ट्याला लोक त्सुनामी बेट म्हणतात. भरतीत तो बराचसा पाण्याखाली जातो, ओहोटीत लांबवर उघडा पडतो.

इथे थोडे थांबून सुरक्षेबद्दल बोलायला हवे, कारण कोकणातले बहुतेक बुडून झालेले मृत्यू टाळता आले असते. संगमावर ओहोटी लागली की नदीचे आणि खाडीचे पाणी एकदम समुद्राकडे ओढ घेते. गुडघाभर पाण्यातला माणूसही उलथतो. संगमाच्या तोंडाशी कधीही पोहू नये. मोकळ्या किनाऱ्यावरही फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत एखादाच पट्टा शांत दिसत असेल, तर ती जागा सुरक्षित समजू नये. बहुतेक वेळा तिथूनच पाणी परत आत जात असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघावे आणि मग लाटांबरोबर बाहेर यावे. होडीत जीवरक्षक जाकीट कमरेला किंवा हाताला अडकवलेले असले तर त्याचा उपयोग शून्य. पट्टे आवळून घालावे, मुलांच्या मापाचे नसेल तर मुलांना चढवू नये. होडीत माणसे जास्त दिसली तर उतरून पुढच्या होडीची वाट पाहावी. मालवणच्या रॉक गार्डनमध्ये सूर्यास्त सुंदर दिसतो, पण ओल्या शेवाळलेल्या कातळावर भरतीच्या वेळी फोटोसाठी उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सकाळी किनाऱ्यावर फिरताना रापण लागलेली दिसली तर सगळे बेत बाजूला ठेवावेत. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून किनाऱ्यावरची माणसे तासन् तास ओढतात. म्हातारे, बाया, शाळकरी पोरेही दोराला लागतात आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटली जाते. दोर ओढायला हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे या पारंपरिक मच्छीमारांच्या हाती काय उरते, हा वाद किनाऱ्यावर कित्येक वर्षे धुमसतो आहे. जाळ्यात आलेल्या मासळीकडे पाहून त्याचा अंदाज येतो. फोटो काढायचे तर विचारून काढावेत, आणि जाळे वाळूवर आल्यावर मध्ये पाय घालू नये.

समुद्राइतकीच खाडीही पाहण्यासारखी आहे, पण तिच्याकडे पाहुणे कमी वळतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली. स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात आणि कांदळाच्या जाती, त्यांची चिखलाबाहेर आलेली मुळे, त्यांत वाढणारी मासळीची पिल्ले यांची माहिती देतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या, बगळे जवळून दिसतात. ही सफर भरतीच्या आसपास करावी. ओहोटीत होडी चिखलाला लागते. तिथून समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्सची बेटे दिसतात. दीपस्तंभ असलेल्या त्या बेटांवरच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. निवतीच्या बाजूला सकाळी डॉल्फिन दिसतात. होडीवाल्याला त्यांच्या मागे लागायला सांगू नये. इंजिन बंद करून थांबले की बरेचदा तेच जवळ येतात.

कासवांसाठी येणाऱ्यांनी वेगळा हिशेब धरावा. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत अंडी घालते, एका घरट्यात सुमारे शंभर. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा पिल्ले समुद्रात सोडण्याचा हंगाम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून हे काम उभे केले आणि अंडी विकणाऱ्या गावाचे अंडी राखणारे गाव झाले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच एका मादीला उपग्रह संदेशक बसवला गेला. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले होते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ वायंगणी आणि देवगडकडे तांबळडेग इथे घरटी राखली जातात. पिल्ले केव्हा निघतील हे आधी नेमके सांगता येत नाही. सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर घरट्यावरची जाळीची टोपली उचलली जाते, तेव्हा पिल्ले असली तर दिसतात. म्हणून गावात दोन रात्री मुक्काम करावा. मोबाइलचा दिवा लावू नये, पिल्लू हातात घेऊ नये, दोरीच्या आत जाऊ नये.

मालवणच्या उत्तरेला आचरा, मसुरे, कुणकेश्वर, देवगड आणि विजयदुर्ग असा रस्ता जातो, आणि वळणे कितीही असली तरी तो सागरी मार्गानेच करावा. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जांभ्या कातळात माणसे, मासे, आकृत्या कोरलेल्या आहेत. गावकरी त्या जागेला बाव्हल्यांचा सडा म्हणतात. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यात कुडोपी आहे. तिथे सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी डोळ्यांसमोर असूनही ओळखता येत नाहीत. रेषांत खडू भरू नये आणि चपला बाजूला काढून ठेवाव्यात. कुणकेश्वरचे मंदिर समुद्राला लागूनच आहे. किनाऱ्याच्या खडकांवर कोरलेली शिवलिंगे ओहोटीतच दिसतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी संध्याकाळी चार-पाचला लागत असल्याने तो योग फार छान जुळतो.

विजयदुर्ग तर सवड मागतो. वाघोटन खाडीच्या मुखाशी उभ्या या किल्ल्याला तिहेरी तट आहे. पूर्वीचा घेरिया. महाराजांनी १६५३ मध्ये तो घेऊन त्याला हे नाव दिले. पुढे आंग्र्यांचे आरमार इथून पश्चिम किनाऱ्यावर दरारा ठेवून होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्र्यांकडून तो गेला. मराठी माणसाने मराठी आरमार बुडवायला इंग्रजांची मदत घेतली, हे त्या तटावर उभे राहिल्यावर फार खुपते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी या दिवसाला एवढी कमी जागा का दिली, असा प्रश्न इथे मनात आल्याशिवाय राहत नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राच्या पाण्याखाली बांधलेली भिंत आढळली आहे, आणि जवळच खाडीत आरमाराच्या गोदीचे अवशेष आहेत. दोन्ही गोष्टी दाखवणारा आणि समजावणारा माणूस गावात विचारला तर मिळतो, आणि त्याच्यावाचून किल्ला अर्धाच कळतो.

दक्षिणेकडे शिरोड्याची मिठागरे आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ती गाजली, आणि त्याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून शिक्षक होते. शेजारच्या आरवलीत वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळीचे घड वाहतात. देवळात त्या चपला ओळीने ठेवलेल्या पाहायला मिळतात. रेडीला १९७६ मध्ये खाणीत सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती आणि यशवंतगड पाहून गोव्याची हद्द गाठता येते.

आणि समुद्र बंद असेल तेव्हा? कुडाळ-मालवण रस्त्यावरचा धामापूर तलाव कोणत्याही महिन्यात पाहावा. १५३० मध्ये विजयनगरच्या राजवटीतल्या नागेश देसाई या मांडलिकाने तो बांधला, आणि २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. काठावर भगवतीचे देऊळ आणि भोवती गर्द झाडी आहे. पावसाळ्यात सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढावा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे हे गाव बेडकांच्या जातींसाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. शनिवार-रविवारी धबधब्याखाली होणारा गोंगाट टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी स्थानिक निसर्गमार्गदर्शकाबरोबर रात्री फिरावे. परत येताना सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि राजवाड्यात हाताने रंगवलेले गंजिफा पाहता येतात.

राहण्यासाठी समुद्राकडे तोंड केलेल्या खोलीचा हट्ट सोडला तर पुष्कळ फायदा होतो. निवास-न्याहारी योजनेतली घरे गावात, वाडीत असतात. सकाळी घावणे-चटणी किंवा आंबोळी मिळते आणि घरातले कुणीतरी आज पाणी कसे आहे, मासळी कोणती आली, जत्रा कुठे आहे हे सांगते. जेवताना मेन्यूकार्ड मागण्याऐवजी आज काय ताजे आहे ते विचारावे. बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळाचा वास एकदा कळला की तो विसरत नाही. मासे न खाणाऱ्यांनी काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे, हंगामात ओल्या काजूची उसळ मागावी. खानावळीत गेल्यावर ऐनवेळी हे होत नाही, सकाळी सांगून ठेवावे लागते.

गावाच्या आपल्या वेळा असतात, त्याही विचाराव्यात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते, आणि त्या दिवसांत कुडाळ-मालवण पट्ट्यात खोली मिळणे दुरापास्त होते. आचऱ्याला काही वर्षांनी गावपळण होते. सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो, तेव्हा आचऱ्यात आरक्षण करून ठेवलेल्याची फजिती होईल. हिवाळ्यात गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो. आमंत्रण लागत नाही, फक्त शाल आणि जागण्याची तयारी लागते.

रेल्वेने येणाऱ्यांना मालवणसाठी कुडाळ स्टेशन सोयीचे. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि गणपती, शिमगा, मे महिन्यात ते मिनिटांत संपते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, हे परतीच्या जोडगाड्या ठरवताना ध्यानात ठेवावे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाला, पण उड्डाणांचे प्रमाण कमी-जास्त होत राहते. गोव्यातला मोपा विमानतळही सावंतवाडीला जवळ आहे. सागरी मार्गावर एसटी कमी आणि रात्री लवकर थांबणारी, त्यामुळे उत्तरेकडचा दौरा स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने करावा.

हे सगळे जमवून पाच दिवसांचा बेत आखायचा तर दशमी ते चतुर्दशी हे दिवस धरावेत. दशमीला सकाळी कुडाळला उतरून धामापूरमार्गे मालवण गाठावे आणि संध्याकाळ जेटीवर मासळीचा लिलाव पाहण्यात घालवावी. एकादशीला सकाळची भरती पूर्ण होताच पाण्याखाली जावे, आणि दुपारी विश्रांती घेऊन चारच्या पुढे देवबागच्या बाजूला फिरावे. द्वादशीच्या सकाळी किल्ल्याची पहिली होडी आणि दुपारनंतर वेंगुर्ला. तिथेच मुक्काम करून त्रयोदशीला सकाळी नऊच्या भरतीवर मांडवी खाडी, मग आरवली-शिरोडा पाहून रात्री मालवणला यावे. चतुर्दशीला पहाटे निघून कुडोपी, मग विजयदुर्ग, आणि उतरत्या उन्हात ओहोटीवर कुणकेश्वर. तिथून परत कुडाळला वळण्याची गरज नाही. रात्रीच्या गाडीचे तिकीट आधीच कणकवलीहून काढून ठेवले, तर कुणकेश्वरच्या खडकांवर तासभर जास्त मिळतो.